पायापासून फोर्कपर्यंत : जुन्या जीपचं क्लच लिंकेज

जुन्या जीपचा पहिला गिअर टाकताना खरखर आवाज आला, की गॅरेजमधला पहिला अंदाज ठरलेला असतो : क्लच प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरतो. नवी प्लेट, नवी प्रेशर प्लेट, नवं रिलीज बेअरिंग बसतं. गाडी काही दिवस बरी चालते आणि मग तीच खरखर पुन्हा सुरू होते. मधले दिवस बरे गेले, कारण काम करताना मेकॅनिकने पेडलचा प्ले, म्हणजे त्याची सुरुवातीची मोकळी हालचाल, हीसुद्धा नव्याने लावलेली असते. खरा दोष बेलहाऊसिंगच्या आत नव्हताच. तो बाहेर, पेडलपासून फोर्कपर्यंत जाणाऱ्या चार-पाच दांड्या, पिना आणि बुश यांच्यात होता. या सगळ्या सरंजामाला लिंकेज म्हणतात. जुन्या गाडीत सगळ्यात कमी लक्ष मिळतं ते यालाच. रस्ता सोडून दगड, चिखल आणि नदीपात्रात उतरणाऱ्या जीपमध्ये मात्र क्लचचं बरंवाईट बहुतांशी यावरच ठरतं.

हे लिंकेज सुधारण्याचे मार्ग अनेक आहेत. साध्या बुशपासून पूर्ण हायड्रॉलिक क्लचपर्यंत सगळं करता येतं. पण कोणता मार्ग कधी निवडायचा, हे कळायला हवं असेल तर आधी लिंकेजपुढची मूळ अडचण समजून घ्यावी लागते.

सहा इंचांचे दोन मिलिमीटर

इंजिनच्या मागे फ्लायव्हील असतं, त्याला लागून क्लच प्लेट आणि तिच्यामागे प्रेशर प्लेट. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा शेकडो किलोंच्या जोराने क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरतात, म्हणून इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये जाते. पेडल दाबलं की फोर्क हलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर टेकतं आणि बोटं दबली की प्रेशर प्लेट मागे हटते. क्लच प्लेट मोकळी होते आणि गिअर बिनआवाज पडतो.

या साखळीतली हालचाल पाहा. पायाखालचं पेडल साधारण सहा इंच, म्हणजे दीडशे मिलिमीटर खाली जातं. बेअरिंग सरकतं आठ-नऊ मिलिमीटर. प्रेशर प्लेट मागे हटते ती जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. पायाच्या लांब पण हलक्या हालचालीचं रूपांतर छोट्या पण जोरकस हालचालीत करणं हे लिंकेजचं काम. वाटेत थोडीही हालचाल हरवली तर प्लेट पूर्ण सुटत नाही. फ्लायव्हील तिला फरफटत नेतं, गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरत राहतो आणि गिअर दात दाखवतात. नवी प्लेट घालून हे थांबत नाही, कारण हालचाल प्लेटपर्यंत पोचतच नाही.

चासी एक, इंजिन दुसरं

आता मूळ अडचण. पेडल बसलेलं असतं चासीवर किंवा बॉडीवर. फोर्क असतो बेलहाऊसिंगमध्ये, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सच्या अंगाला. आणि इंजिन चासीला घट्ट बांधलेलं नसतं. ते रबराच्या माउंटिंगवर बसतं, नाहीतर त्याची थरथर सगळ्या गाडीत पसरेल. म्हणजे लिंकेजला ज्या दोन वस्तू जोडायच्या आहेत, त्या एकमेकींच्या संदर्भात सतत हलत असतात.

रस्त्यावर हे हलणं फार जाणवत नाही. लो रेंजमध्ये चढ चढताना मात्र चित्र पालटतं. जुन्या विलिज जीपच्या टी-९० गिअरबॉक्सचा पहिला गिअर साधारण २.८ पटीचा आणि स्पायसर १८ ट्रान्सफर केसचा लो रेंज २.४६ पटीचा. दोन्हींचा गुणाकार जवळपास सात. ट्रान्सफर केस गिअरबॉक्सलाच जोडलेला असल्यामुळे इंजिनच्या पिळाच्या सातपट पीळ बाहेर जातो आणि तेवढाच उलटा पीळ माउंटिंगच्या रबरांवर येतो. रबर जुनं, तेल पिऊन मऊ झालेलं असेल तर इंजिन एका अंगाला उठतं. त्याच वेळी एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात असल्याने चासीही पिळलेली असते. क्लचवर सगळ्यात नाजूक ताबा हवा असतो तो नेमका याच क्षणी, आणि पेडल व फोर्क यांच्यातलं अंतर बदलतं तेही याच क्षणी.

यातूनच क्लचचे ते ओळखीचे झटके जन्माला येतात. पाय अलगद वर घेतला, क्लचने पकड घेतली, पिळामुळे इंजिन हललं. हलताना लिंकेज किंचित ताणलं गेलं, फोर्क ओढला गेला, पकड सैल झाली. पीळ उतरला, इंजिन जागेवर आलं, लिंकेज सैल झालं, पुन्हा पकड. हे सेकंदात अनेकदा घडतं आणि गाडी धडधडत, उड्या मारत पुढे जाते. चालकाला वाटतं प्लेट खराब आहे, किंवा आपला पाय चुकतोय. प्रत्यक्षात हलतं इंजिनच चालकाच्या पायाशिवाय क्लच दाबत-सोडत असतं.

जुन्या गाड्यांच्या लिंकेजचा इतिहास म्हणजे याच एका अडचणीवर शोधलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

१९४१चं उत्तर आणि १९७२चं उत्तर

दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज एमबी जीपमध्ये क्लचचं पेडल जमिनीतून वर आलेलं असे. फळीखाली चासीला पेडलचा शाफ्ट, त्यावरून निघालेला छोटा रॉड आणि तो रॉड एका आडव्या नळीच्या कानाला, म्हणजे तिच्यावरच्या छोट्या दांड्याला, जोडलेला. ही आडवी नळी म्हणजे त्या रचनेचं मर्म. तिचं एक टोक चासीच्या बाजूला आणि दुसरं टोक इंजिन-गिअरबॉक्सच्या बाजूला गोळ्याच्या आकाराच्या बॉल स्टडवर टेकलेलं. दोन्ही टोकांना गोळा असल्यामुळे इंजिन थोडं हललं तरी नळी तिरकी होऊन सावरून घेते, अडकत नाही. नळीच्या दुसऱ्या कानाला पोलादी तारेची छोटी केबल आणि ती केबल थेट फोर्कला. केबल लवचीक असल्याने उरलासुरला तिरकेपणाही ती पोटात घेते. लढाईच्या घाईत बनलेल्या गाडीसाठी हे उत्तर फार विचारपूर्वक शोधलेलं होतं. १९४५मध्ये आलेल्या सीजे-२ए या नागरी जीपमध्ये आणि तिच्या पुढच्या भावंडांमध्येही हीच मांडणी राहिली.

अमेरिकन मोटर्स कॉर्पोरेशनने १९७०मध्ये कैसर जीप ही कंपनी विकत घेतली. १९७२च्या सीजे-५मध्ये अमेरिकन मोटर्सची सहा सिलिंडरची आणि व्ही-८ इंजिनं बसवण्यासाठी गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर तीन इंचांनी वाढवलं गेलं. पेडलंही बदलली. जमिनीतून उगवणारी पेडलं जाऊन डॅशखाली लटकणारी आली. मग पेडलपासून खाली येणारा लांब रॉड, चासी आणि बेलहाऊसिंग यांच्यामध्ये बसलेला बेलक्रँक (टेकूवर फिरणारा दोन हातांचा दांडा) आणि बेलक्रँकपासून फोर्ककडे जाणारा, लांबी कमी-जास्त करता येणारा दुसरा रॉड अशी साखळी तयार झाली. केबल गेली, कडक रॉड आले. तिच्याच कुळातली सीजे-७ बंद होईपर्यंत, म्हणजे १९८६पर्यंत मोठ्या इंजिनांच्या गाड्यांमध्ये ही पद्धत चालली. मोठ्या इंजिनाचा जोर, भारी प्रेशर प्लेट आणि बेलक्रँकमधले छोटे बुश यांचा मेळ मात्र अवघड ठरला. बुश झिजले की बेलक्रँक डुलू लागतो. चासीवरचा त्याचा ब्रॅकेट भाराने तडकतो. इंजिनचं एखादं माउंटिंग तुटलं तर बेलक्रँक आपल्या गोळ्यावरून निसटून खाली पडतो आणि क्लचचं पेडल कार्पेटला टेकलेलं राहतं. म्हणून या गाड्या आवडीने सांभाळणाऱ्यांमध्ये लिंकेज सुधारणं हे ठरलेल्या कामांपैकी एक बनलं.

माझगावची जीप

महाराष्ट्राचा या इतिहासाशी जुना संबंध आहे. महिंद्र अँड महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत माझगावला विलिजच्या जीप सुट्या भागांतून जुळवायला सुरुवात केली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी भारतातच बनू लागली. अमेरिकेत सीजे-३बीचं उत्पादन १९५३ ते १९६८ एवढंच चाललं, पण आपल्याकडे तिच्या घडणीच्या गाड्या त्यानंतरही कितीतरी वर्षं रस्त्यावर येत राहिल्या. पोलीस ठाणी, वनखातं, पाटबंधाऱ्याची कामं, साखर कारखाने, घाटातली प्रवासी वाहतूक अशा सगळ्या ठिकाणी जीप राबली.

आपल्याकडच्या जीपची एक खास गोष्ट लिंकेजसाठी महत्त्वाची आहे. पेट्रोल परवडेना म्हणून असंख्य जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिनं घातली गेली. कंपनीनेही पुढे एमएम ५४०सारख्या गाड्यांमध्ये प्यूजोच्या परवान्याचं २११२ सीसीचं एक्सडीपी डिझेल इंजिन वापरलं. कंपनीने घातलेल्या इंजिनाची जागा आणि माउंटिंग आराखड्याप्रमाणे असतात. गल्लीतल्या गॅरेजमध्ये इंजिन बदललेल्या जीपमध्ये तसं नसतं. इंजिन इंचभर पुढे किंवा मागे बसतं, बेलहाऊसिंग वेगळं येतं, फोर्कची उंची बदलते. जुनी आडवी नळी मग वेल्डिंग करून वाढवली जाते, रॉडला गरम करून वाक दिला जातो. त्यात चार सिलिंडरच्या डिझेलची थरथर पेट्रोल इंजिनापेक्षा कितीतरी जास्त. प्रत्येक पिन आपल्या भोकात दिवसभर बडवली जाते. अशी जीप विकत घेतली असेल तर लिंकेज मूळचं आहे असं गृहीत धरू नका. आधी खाली झोपून ते नीट पाहा.

हरवलेली हालचाल मोजणं

गाडी सपाट जागेवर उभी करा, चाकांना पुढे-मागे दगड किंवा ठोकळे लावा, इंजिन बंद ठेवा. एकाला पेडलपाशी बसवा आणि तुम्ही टॉर्च घेऊन खाली जा. त्याला पेडल हाताने, अगदी सावकाश दाबायला सांगा. हाताने सांगण्याचं कारण असं की पायाच्या जोरात बारीक ढिलाई कळत नाही. आता एकेक सांधा पाहा. पेडल हललं, पण रॉड कधी हलला? रॉड हलला, पण नळी कधी फिरली? नळी फिरली, पण केबल कधी ताणली गेली? विहिरीवरच्या जुन्या हातपंपाचा दांडा जसा खीळ झिजल्यावर अर्धा खाली येतो तरी पाण्याचा पत्ता नसतो, तसंच इथे होतं. दांडा हलतो, काम होत नाही. ही तपासणी चालू असताना बोटं सांध्यांपासून लांब ठेवा.

झिजलेल्या सांध्यातली पिन बाहेर काढली की सगळा हिशेब दिसतो. भोक गोल राहिलेलं नसतं. ज्या दिशेने जोर येतो त्या दिशेने ते लांबट, अंड्यासारखं झालेलं असतं. पिनेवर एका बाजूला नखाला लागेल असा खळगा पडलेला असतो. खळग्यात काळं, वाळूमिश्रित ग्रीस भरलेलं असतं. हे ग्रीस आता वंगणाचं काम करत नाही, पॉलिश पेपरसारखं धातू खातं. वंगणावर बसलेली धूळ आणि ओढ्याचं पाणी यांनी मिळून ही पेस्ट तयार केलेली असते.

आता थोडं गणित. समजा पेडलचं प्रमाण सहास एक आहे. पेडल १५० मिमी खाली गेलं की पहिला रॉड २५ मिमी सरकतो. आडव्या नळीचे कान असे आहेत की फोर्कच्या टोकाला १८ मिमी हालचाल मिळते. फोर्क ती निम्मी करून बेअरिंगला ९ मिमी देतो. पेडलशी २५ मिमीचा, म्हणजे इंचभर मोकळा प्ले ठेवायचा असतो. जुन्या जीपच्या बाबतीत हे माप सर्वसाधारण मानलं जातं. तो वजा केला तरी बेअरिंगला साडेसात मिमी उरतात आणि क्लच व्यवस्थित सुटतो.

आता सांधे चार आणि प्रत्येकात फक्त एक मिमी ढिलाई आहे असं धरू. पेडलजवळच्या दोन सांध्यांतला प्रत्येक मिलिमीटर पायाशी सहा मिमी खातो. फोर्कजवळच्या दोन सांध्यांतला प्रत्येक मिलिमीटर पायाशी आठ मिमीहून जास्त खातो. एकूण जवळजवळ २९ मिमी पेडल वाया. बेअरिंगला साडेसातऐवजी पावणेसहा मिमीच मिळतात. म्हणजे चार सांध्यांच्या मिलिमीटरभर ढिलाईने क्लचची जवळपास पाव हालचाल गिळली. यातून दोन धडे निघतात. एक, सांधा फोर्कच्या जितका जवळ, तितकी त्याची झीज महाग. दुरुस्तीची सुरुवात त्या टोकाकडून करा. दोन, रॉड लांब-आखूड करून प्ले लावणं हा झिजेवरचा इलाज नाही. पेडल वर आल्यासारखं वाटतं, पण इंचभर मोकळा प्ले त्यात खर्ची पडला तर बेअरिंग कायम बोटांवर घासत राहतं आणि महिन्या-दोन महिन्यांत ओरडू लागतं.

पहिली सुधारणा : सांधे आणि रबर

बहुतेक जीपसाठी खरी सुधारणा इथेच संपते, आणि ती चांगल्या लेथवाल्याकडे एका दिवसाचं काम आहे.

सगळ्यात आधी इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग बदला. रबर तडकलेलं किंवा धातूपासून सुटलेलं असेल तर लिंकेजवर केलेला खर्च वाया जाईल, कारण झटक्यांचं मूळ तसंच राहील. त्यानंतर लांबट झालेली भोकं. त्यांत जाड पिन ठोकून भागवू नका. भोक वेल्डिंगने भरून पुन्हा सरळ पाडा, किंवा मोठं रीम करून त्यात गनमेटलचा बुश बसवा. पिन कडक पोलादाची घ्या. तत्त्व असं की दोघांपैकी स्वस्त आणि सहज बदलता येणाऱ्याने झिजावं. बुश झिजावा, कान झिजू नये. पिन बुशमध्ये बोटाने फिरावी, पण हलवली तर हलू नये, इतकाच सैलपणा ठेवा.

आडव्या नळीच्या टोकांचे बॉल स्टड तपासा. गोळ्यावर सपाट डाग दिसला तर स्टड आणि त्याची आतली वाटी दोन्ही बदला. एकटा नवा गोळा जुन्या वाटीत टिकत नाही. धूळ अडवणारी फेल्टची चकती असेल तर ती टाकून देऊ नका. नळीला ग्रीस निपल नसेल तर तो बसवून घ्या. नदी ओलांडून आल्यावर ग्रीस गनचे दोन दाब दिले की आतलं पाणी आणि माती बाहेर निघते.

केबल असेल तर तिचं प्रत्येक टोक पाहा. तारेचा एखादा धागा सुटलेला दिसला तरी केबल बदला. अशी केबल तुटते ती जोर सर्वाधिक असताना, म्हणजे चढावरच.

रॉड आणि बेलक्रँकच्या गाड्यांमध्ये दुसरा एक चांगला पर्याय आहे तो रॉड एंडचा. पोलादी कड्यात बसवलेला, मधोमध भोक असलेला गोळा असं या सांध्याचं रूप. अमेरिकेत त्याला हाइम जॉइंट म्हणतात, ब्रिटनमध्ये रोझ जॉइंट. विमानांच्या नियंत्रणाच्या दांड्यांमध्ये आणि रेसिंग कारमध्ये तो वर्षानुवर्षं वापरला जातो. त्याचा फायदा असा की तो सैल न होता तिरका होऊ शकतो. इंजिन हललं तरी सांधा अडकत नाही आणि हालचालही हरवत नाही. रॉडच्या एका टोकाला उजवे आणि दुसऱ्याला डावे आटे पाडून घेतले, की मधला रॉड नुसता फिरवून लांबी बदलता येते आणि चेक नटने ती पक्की करता येते. दोन गोष्टींची काळजी घ्या. रॉड एंड एका बाजूने बोल्ट करून लोंबकळत ठेवू नका. दोन कानांच्या मधोमध धरा, नाहीतर बोल्ट वाकतो. आणि त्यावर रबरी टोपी चढवा, कारण चिखल गोळ्यात शिरला तर रॉड एंड बुशपेक्षाही लवकर खुळखुळा होतो.

बेलक्रँकचा चासीवरचा ब्रॅकेट तडकला असेल तर तडेवर नुसतं वेल्डिंग ओढू नका. तड जिथे संपते तिथे छोटं भोक पाडा, मग वेल्डिंग करा आणि मागून त्रिकोणी पट्टीचा आधार द्या. शेवटी सगळं बसवल्यावर एक गोष्ट नजरेने तपासा. पेडल निम्मं दाबलेलं असताना प्रत्येक रॉड आणि त्याचा कान यांच्यात साधारण काटकोन असावा. काटकोनापासून दूर गेलेल्या कानाची बरीचशी हालचाल आडव्या दिशेला जाते आणि फोर्कला कमी मिळते. इंजिन बदललेल्या जीपमध्ये क्लच जड लागतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

दुसरी सुधारणा : हायड्रॉलिक क्लच

इंजिन बदललेलं आहे, आडवी नळी बसायला जागाच नाही, किंवा नव्या इंजिनाची भारी प्रेशर प्लेट जुन्या लिंकेजला झेपत नाही, अशा वेळी हायड्रॉलिक क्लच करणं रास्त आहे. पेडलपाशी मास्टर सिलिंडर, फोर्कपाशी स्लेव्ह सिलिंडर आणि मध्ये पाइप. चासी आणि इंजिन यांच्यातल्या हालचालीला याहून चांगलं उत्तर नाही, कारण मधला रबरी होज कसाही वाकला तरी त्यातल्या तेलाचं आकारमान तेवढंच राहतं. इंजिन कितीही डुललं तरी फोर्क पायाचंच ऐकतो.

हा फायदा मिळण्यासाठी एक अट मात्र आहे : स्लेव्ह सिलिंडर बेलहाऊसिंगवर किंवा इंजिनवरच बसला पाहिजे. सोपं पडतं म्हणून तो चासीवर बसवला, तर इंजिन हललं की फोर्क आणि स्लेव्ह यांच्यातलं अंतर पुन्हा बदलतं. सगळा खर्च करून जुने झटके जसेच्या तसे राहतात.

दुसरी अडचण दिशेची. जुन्या जीपमधली केबल फोर्कला ओढते, तर नेहमीचा स्लेव्ह सिलिंडर ढकलतो. म्हणून स्लेव्ह फोर्कच्या विरुद्ध अंगाला यावा लागतो, किंवा ओढणारा स्लेव्ह शोधावा लागतो. तिसरी अडचण बाजूची. अमेरिकेत मिळणारे तयार संच डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीसाठी बनवलेले असतात. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या जीपमध्ये त्यांचे ब्रॅकेट जसेच्या तसे बसत नाहीत. ब्रॅकेट इथेच बनवून घेणं बरं.

सिलिंडरची मापं अंदाजाने घेऊ नका. वर घेतलेल्याच उदाहरणात पेडल मास्टरच्या रॉडला २५ मिमी ढकलतं. मास्टरचा बोअर ५/८ इंचाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ साधारण १९८ चौरस मिमी. स्लेव्हचा बोअर ३/४ इंचाचा असेल तर २८५ चौरस मिमी. मास्टरने ढकललेलं तेल १९८ गुणिले २५, म्हणजे ४९५० घन मिमी. त्याला २८५ने भागलं की स्लेव्हचा रॉड सुमारे १७.४ मिमी सरकतो. मूळ लिंकेज फोर्कला १८ मिमी देत होतं, म्हणजे मेळ बसला. मास्टर याहून मोठा घेतला तर क्लच लवकर सुटेल पण पेडल जड होईल. लहान घेतला तर पेडल लोण्यासारखं हलकं होईल, पण क्लच पूर्ण सुटणार नाही. पेडल हलकं लागलं म्हणून खूश होण्याआधी फोर्कची हालचाल पट्टीने मोजा.

मास्टर बसवण्याची जागा भक्कम हवी. पायाने पंधरा किलो दाब दिला तर सहास एकच्या पेडलने मास्टरवर नव्वद किलो जोर येतो. पातळ पत्र्याच्या फायरवॉलवर मास्टर नुसता बोल्ट केला तर पत्रा पुढे फुगतो. तो दोन मिमी फुगला तरी पायाशी बारा मिमी हालचाल गेली, म्हणजे झिजलेल्या दोन सांध्यांएवढं नुकसान. म्हणून मागून तीन-चार मिमी जाडीची प्लेट लावा आणि ती पेडलच्या ब्रॅकेटशी जोडा. ज्या जीपची पेडलं जमिनीतून येतात, तिच्यात ब्रेकचा मास्टर फळीखाली चासीवर असतो. क्लचचा मास्टरही तिथेच बसवता येतो, पण तेल पाहायला दरवेळी फळी काढावी लागू नये म्हणून त्याची टाकी पाइपने वर बॉनेटखाली आणा.

पाइप सायलेन्सरच्या नळीपासून दूर न्या. स्लेव्हचा ब्लीडिंग निपल सगळ्यात वरच्या बाजूला येईल असा बसवा, नाहीतर हवा आत अडकून राहते आणि पेडल स्पंजासारखं लागतं. तेल ब्रेकचंच, डॉट ३ किंवा डॉट ४, सिलिंडरवर लिहिलं असेल ते घाला. इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलंही खनिज तेल चुकूनही घालू नका. सिलिंडरमधले रबरी कप त्याने फुगतात आणि अडकतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. कोकणासारख्या दमट भागात चालणाऱ्या गाडीत ते दर दोन वर्षांनी बदला. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, कारण ते रंग उचकटतं.

जास्त हालचालही वाईटच

पेडलला थांबवणारा स्टॉपर हवा. लिंकेज कमी हालचाल देत असताना जी चूक लपून राहते, ती चांगल्या लिंकेजमध्ये उघडी पडते. प्रेशर प्लेटची बोटं गरजेपेक्षा जास्त दाबली गेली तर ती क्लच प्लेटच्या हबवर आदळतात. डायफ्राम स्प्रिंगची प्रेशर प्लेट असेल तर जास्त दाबाने स्प्रिंगच कायमची वाकू शकते. गिअर बिनआवाज पडू लागतो त्या जागेनंतर पेडल थोडंसंच पुढे जाईल, इथे स्टॉपर लावा.

परतीची स्प्रिंगही काढू नका. जुन्या जीपचं रिलीज बेअरिंग सतत बोटांना टेकून फिरण्यासाठी बनवलेलं नसतं. पाय काढल्यावर बेअरिंग आणि बोटं यांच्यात दीड मिलिमीटरची तरी मोकळी जागा राहिली पाहिजे. पेडलशी ठेवलेला इंचभर प्ले म्हणजे हीच जागा. हायड्रॉलिक क्लचमध्ये स्लेव्हच्या रॉडची लांबी लावून हा प्ले ठेवता येतो.

काम झाल्यावर गाडी लगेच डोंगरात नेऊ नका. आधी सपाट मैदानात लो रेंज, पहिला गिअर, क्लच दाबून इंजिन चालू, आणि गाडी पुढे सरकते का ते पाहा. इंजिन चालू असताना, क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबून रिव्हर्स टाकून पाहा. रिव्हर्स बिनआवाज पडला तर प्लेट पूर्ण सुटते आहे. जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे ही परीक्षा खोटं बोलत नाही. त्यानंतर एका चाकाखाली ठोकळा ठेवून चासीला थोडा पीळ द्या आणि तीच परीक्षा पुन्हा घ्या. सपाटीवर पास आणि पिळात नापास झाली, तर कुठला तरी ब्रॅकेट चुकीच्या अंगाला बसलेला आहे.

एवढं वाचून कुणाला वाटेल की हायड्रॉलिक क्लच हीच शेवटची आणि सर्वोत्तम सुधारणा. मला तसं वाटत नाही. मूळ इंजिन आणि मूळ बेलहाऊसिंग असलेल्या जीपला नवे बुश, नवे गोळे, ताजं रबर आणि वेळेवर ग्रीस एवढं मिळालं, तर १९४१ची मांडणी आजही चोख काम करते. ती बिघडली तर पिन, तार आणि हातोडी यांच्या जोरावर जंगलातून घरी येता येतं. रबरी कप फाटला तर तसं येता येत नाही. इंजिन बदललेल्या जीपची गोष्ट वेगळी. तिथे हायड्रॉलिकच करा, पण बेलहाऊसिंगवर स्लेव्ह, भक्कम मास्टर आणि मोजून घेतलेले बोअर, यांत तडजोड नको. दोन्ही प्रकारच्या मालकांना एकच विनंती : नवी क्लच प्लेट विकत घेण्याआधी गाडीखाली झोपा, पेडल हाताने दाबून घ्या आणि प्रत्येक सांध्यात किती हालचाल हरवते ते मोजा. दर पावसाळ्यानंतर हे माप वहीत लिहून ठेवा. खर्च कुठे करायचा ते त्या आकड्यांवरून ठरवा.